शेतातून वाहून जाणारं नायट्रेट बायोचारने अडवता येतं का? कोळसा काय करू शकतो आणि काय नाही

१२ जून २०२५. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डे मॉईन शहर आणि आसपासच्या सुमारे ६ लाख लोकांना पाणी पुरवणाऱ्या यंत्रणेने घरासमोरच्या हिरवळीला पाणी घालायला बंदी केली. नद्या आटल्या होत्या म्हणून नाही. नद्यांना पाणी भरपूर होतं, पण त्यात नायट्रेट इतकं होतं की ते काढून टाकणारी यंत्रं मागणीला पुरी पडत नव्हती. लोकांनी पाणी कमी वापरलं तरच पिण्याचं पाणी मर्यादेत ठेवता येणार होतं.

हे नायट्रेट आलं कुठून? प्रामुख्याने वरच्या भागातल्या मका-सोयाबीनच्या शेतांमधून. ते शेताच्या तोंडाशीच अडवता येईल का, यावर अमेरिकेत तीसेक वर्षं प्रयोग चालू आहेत. गेल्या काही वर्षांत त्यात एक नाव सारखं ऐकू येतं, ते म्हणजे बायोचार. "कोळशाने पाणी शुद्ध होतं, मग नायट्रेटही निघेल" असा साधा हिशेब त्यामागे मांडला जातो. महाराष्ट्रातही बायोचारची चर्चा वाढली आहे आणि विहिरींमध्ये नायट्रेटही आहे, त्यामुळे हा हिशेब कितपत खरा आहे हे समजून घेणं गरजेचं आहे.

नायट्रेट म्हणजे काय आणि ते पाण्यात कसं येतं?

पिकाला नत्र लागतं. युरिया टाकला की जमिनीतले जिवाणू त्याचं आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. शेणखतातलं, कुजलेल्या पाल्यातलं नत्रही शेवटी याच वाटेने जातं. पिकाची मुळं नायट्रेट सहज उचलतात, म्हणून ते पिकासाठी चांगलंच.

अडचण अशी की नायट्रेट पाण्यात पूर्ण विरघळतं आणि त्याच्यावर ऋण विद्युतभार असतो. मातीच्या कणांवरही बहुतांशी ऋणभारच असतो. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात. त्यामुळे माती अमोनियमला धरून ठेवते, पण नायट्रेटला नाही. पिकाने उचलायच्या आत मोठा पाऊस झाला किंवा पाणी जास्त दिलं, की नायट्रेट पाण्याबरोबर खाली उतरतं.

किती नायट्रेट म्हणजे किती पाणी बिघडतं, हे एका आकडेमोडीतून कळेल. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात नायट्रेटच्या रूपातलं नायट्रोजन लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. या हिशेबाने १ किलो नायट्रोजन १ लाख लिटर स्वच्छ पाण्याला थेट मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नायट्रोजन असतं सुमारे २० किलो ७०० ग्रॅम. त्यातला दहावा हिस्सा जरी खाली गेला, तरी २ लाख लिटर पाण्याचा प्रश्न तयार होतो.

आरोग्याला धोका कुणाला?

सर्वात मोठा धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना असतो, विशेषतः वरचं दूध पाण्यात कालवून दिलं जातं तेव्हा. शरीरात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनवर परिणाम करून त्याची ऑक्सिजन वाहून नेण्याची ताकद कमी करतं. बाळाचे ओठ, नखं, त्वचा निळसर दिसू लागते. म्हणून या आजाराला 'ब्लू बेबी सिंड्रोम' म्हणतात. विहिरीचं पाणी आणि हा आजार यांचा संबंध हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी १९४५ साली मांडला, तोही आयोवातच.

इथे एका गोष्टीने अनेकांचा गोंधळ होतो. अमेरिकेची मर्यादा १० आणि भारताची ४५, मग भारतात नियम ढिला आहे का? नाही. अमेरिकेत फक्त त्यातला नायट्रोजन मोजतात, भारतात पूर्ण नायट्रेट मोजतात. १० मिलिग्रॅम नायट्रोजन म्हणजेच सुमारे ४४ मिलिग्रॅम नायट्रेट. दोन्ही मर्यादा जवळपास एकच आहेत. पाण्याचा तपासणी अहवाल वाचताना आकडा 'नायट्रेट' म्हणून दिलाय की 'नायट्रेट-नायट्रोजन' म्हणून, हे आधी पाहावं लागतं.

आयोवात नायट्रेट नदीत इतकं सहज का जातं?

याचं उत्तर जमिनीखाली आहे. आयोवा, इलिनॉय, इंडियाना या पट्ट्यातली बरीच जमीन मुळात पाणथळ होती. ती पिकाखाली आणण्यासाठी शेतकऱ्यांनी तीन-चार फूट खोलीवर निचऱ्याचे पाइप टाकले. आधी ते भाजलेल्या मातीचे असत, म्हणून या पद्धतीला आजही 'टाइल ड्रेनेज' म्हणतात. आता भोकं पाडलेले प्लास्टिकचे पाइप वापरतात. आयोवात पिकाखालच्या निम्म्याच्या आसपास जमिनीखाली असं जाळं आहे.

या पाइपांमुळे पीक वाचतं, कारण मुळांशी पाणी साचत नाही. पण एरवी जमिनीतून हळूहळू झिरपणारं, वाटेत जिवाणूंच्या तावडीत सापडणारं पाणी आता पाइपातून थेट ओढ्यात आणि तिथून नदीत जातं. नायट्रेटसाठी तो एक्स्प्रेस वेच आहे.

खालच्या शहराला याची किंमत मोजावी लागते. डे मॉईनच्या पाणीपुरवठा संस्थेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नायट्रेट काढण्याचा खास प्रकल्प उभारला. जगातल्या सर्वात मोठ्या अशा प्रकल्पांमध्ये त्याची गणना होते. २०१५ मध्ये या संस्थेने सॅक, ब्युएना व्हिस्टा आणि कॅल्हून या तीन काउंटींमधल्या निचरा मंडळांवर खटला भरला. तुमच्या पाइपांतून येणाऱ्या नायट्रेटची जबाबदारी घ्या, असं म्हणणं होतं. २०१७ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. प्रश्न कायद्याने सुटला नाही, म्हणून तो शेतात सोडवण्याच्या उपायांचं महत्त्व आणखी वाढलं.

त्रास फक्त एका शहराचा नाही. हे सगळं पाणी मिसिसिपी नदीतून मेक्सिकोच्या आखातात जातं. तिथे नायट्रोजन आणि फॉस्फरसमुळे शेवाळ माजतं, ते मरून कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि दर उन्हाळ्यात मोठा पट्टा माशांसाठी जगण्यालायक राहत नाही. २०१७ मध्ये हा पट्टा सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर होता. पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या एकत्रित क्षेत्रफळापेक्षा ते थोडंच कमी आहे.

बायोचार म्हणजे नेमकं काय?

लाकूड, काड्या, तूस, टरफलं असा जैविक माल हवा अगदी कमी ठेवून साधारण ३५० ते ७०० अंश सेल्सिअसला तापवला की त्याची राख होत नाही, कोळसा होतो. हा कोळसा चुलीत घालण्यासाठी नाही तर जमिनीसाठी किंवा पाण्यासाठी वापरायचा असेल, तर त्याला बायोचार म्हणतात. मूळ मालाच्या वजनाच्या साधारण पाव ते एक तृतीयांश एवढा बायोचार हाती येतो.

बायोचार म्हणजे राख नव्हे. राखेत कार्बन जवळपास उरत नाही, बायोचारमध्ये तोच मुख्य असतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो मधाच्या पोळ्यासारखा छिद्राछिद्रांचा दिसतो. ही छिद्रं पाणी धरतात, काही रसायनं पकडतात आणि जिवाणूंना राहायला जागा देतात. हा कार्बन कुजायला खूप काळ लागतो, म्हणून हवामान बदलाच्या चर्चेतही त्याला महत्त्व आहे.

मग कोळसा नायट्रेट शोषून घेतो का?

साधा बायोचार, फारसा नाही.

कारण तेच, विद्युतभाराचं. बायोचारच्या पृष्ठभागावर बहुतेक वेळा ऋणभार जास्त असतो आणि नायट्रेटही ऋणभारितच. मातीने जे केलं तेच कोळसाही करतो, नायट्रेटला जाऊ देतो. कोळशाचा फिल्टर वास, रंग, क्लोरीन, काही कीटकनाशकं पकडतो, म्हणून तो नायट्रेटही पकडेल असं होत नाही.

प्रयोगांतही हेच दिसलं आहे. फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये १३ प्रकारचे बायोचार तपासले. त्यातल्या नऊंनी पाण्यातलं अमोनियम काढलं, पण बहुतेकांनी नायट्रेट जवळपास काढलंच नाही. त्यातले दोन निवडक बायोचार ६०० अंशाला बनवलेले होते. ते वालुकामय मातीत मिसळल्यावर मात्र पाण्याबरोबर खाली जाणारं नायट्रेट सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे कोळसा कशाचा, किती तापमानाला केला, कोणत्या मातीत घातला, यावर निकाल बदलतो.

आयोवाच्याच पट्ट्यातल्या मातीवर डेव्हिड लेयर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आणखी बोलका आहे. मातीच्या नळकांड्यांमध्ये डुकरांचं शेणखत घालून दर किलो मातीला २० ग्रॅम बायोचार मिसळला. खाली निघालेल्या पाण्यातला फॉस्फरस ६९ टक्क्यांनी घटला, तर एकूण नायट्रोजन ११ टक्क्यांनी. आणि हे प्रमाण शेतात आणायचं तर? वरच्या १५ सेंटिमीटर थरात हेक्टरी सुमारे २० लाख किलो माती असते. म्हणजे हेक्टरी साधारण ४० टन बायोचार लागेल.

कोळशावर प्रक्रिया केली तर?

शास्त्रज्ञांनी याचं उत्तरही शोधलं आहे. कोळशावर मॅग्नेशियम, लोह, ॲल्युमिनियम अशा धातूंच्या क्षारांची प्रक्रिया केली की त्याच्या पृष्ठभागावर धनभार येतो आणि नायट्रेट चिकटू लागतं. प्रयोगशाळेत असे बायोचार चांगलं काम करतात. पण शेताच्या पाइपाशी तीन अडचणी येतात.

पहिली अडचण म्हणजे जागा भरते. समजा, एका हेक्टरमधून वर्षाला ३० किलो नायट्रोजन वाहून जातं. नायट्रेटच्या वजनात ते सुमारे १३३ किलो झालं. समजा, प्रक्रिया केलेला १ किलो बायोचार १० ग्रॅम नायट्रेट धरतो. तर एका हेक्टरसाठी दर वर्षी १३ टनांहून जास्त बायोचार लागेल, आणि तो बनवायला त्याच्या तिप्पट-चौपट काडीकचरा. शेतातून जेवढं नायट्रेट निघतं, त्यापुढे ही पिशवी फारच लहान आहे.

दुसरी अडचण गर्दीची. शेताच्या पाण्यात एकटं नायट्रेट नसतं. सल्फेट, क्लोराइड, बायकार्बोनेट हेही ऋणभारित असतात आणि त्याच जागांसाठी भांडतात. शुद्ध पाण्यात नायट्रेट टाकून केलेल्या प्रयोगातला आकडा शेतात मिळत नाही, तो यामुळेच.

तिसरी अडचण म्हणजे चिकटलेलं नायट्रेट नाहीसं झालेलं नसतं. भरलेला कोळसा बदलावा लागतो किंवा धुवावा लागतो, आणि धुतलं की नायट्रेट पुन्हा पाण्यात येतं. डे मॉईनच्या प्रकल्पातली आयन एक्स्चेंज पद्धतही नायट्रेट नष्ट करत नाही, ते मिठाच्या पाण्यात गोळा करते. पुढे त्या पाण्याचं काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

नायट्रेट खरोखर संपवतं कोण?

जिवाणू. ऑक्सिजन नसलेल्या ओल्या जागेत काही जिवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी नायट्रेट वापरतात. टप्प्याटप्प्याने त्याचा नायट्रोजन वायू होतो आणि तो हवेत निघून जातो. आपण श्वासात घेतो त्या हवेत ७८ टक्के हाच वायू आहे. या प्रक्रियेला डीनायट्रिफिकेशन म्हणतात. इथे भरण्यासारखी पिशवीच नसते. जिवाणूंना खायला कार्बन मिळत राहिला आणि पाणी पुरेसा वेळ थांबलं, तर काम चालूच राहतं.

यावर उभा राहिलेला उपाय म्हणजे लाकडाच्या चिपांचा बायोरिॲक्टर. नाव मोठं असलं तरी रचना साधी आहे. शेताच्या कडेला, निचऱ्याचा पाइप ओढ्याला मिळण्याआधी, एक मोठा चर खणतात. त्यात लाकडाच्या चिपा भरून वरून माती टाकतात. पाइपातलं पाणी एका बाजूने आत येतं, काही तास चिपांमधून सरकतं आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडतं. आत-बाहेरच्या चेंबरमध्ये फळ्या टाकून पाण्याची पातळी आणि वेग ठरवतात. चिपा हेच जिवाणूंचं अन्न आणि घर. साधारण दहा-पंधरा वर्षांनी चिपा बदलाव्या लागतात.

आयोवाच्या २०१३ च्या पोषकद्रव्य कपात धोरणात अशा बायोरिॲक्टरमुळे नायट्रेट सरासरी ४३ टक्क्यांनी कमी होतं असं धरलं आहे. त्याच्याही मर्यादा आहेत. मोठ्या पावसात पाणी इतकं येतं की बरंचसं बाजूने सोडून द्यावं लागतं. वसंत ऋतूत पाणी थंड असतं तेव्हा जिवाणू सुस्त असतात, आणि नेमकं त्याच काळात नायट्रेट जास्त वाहतं. उलट पाणी फारच वेळ थांबलं तर नायट्रेट संपून जिवाणू सल्फेटकडे वळतात आणि सडक्या अंड्यांचा वास येऊ लागतो.

मग यात बायोचारचं काम काय?

नायट्रेट पकडणं नव्हे, तर जिवाणूंना मदत करणं. चिपांमध्ये बायोचार मिसळला की छिद्रांमुळे जिवाणूंना जास्त जागा मिळते, पाणी थोडं जास्त रेंगाळतं आणि कोळशाचा पृष्ठभाग इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीत मध्यस्थाचं काम करतो.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बायोचार मिसळलेल्या बायोरिॲक्टरने नुसत्या चिपांपेक्षा नायट्रेट आणि फॉस्फेट जास्त काढलं. नंतर थोड्या मोठ्या प्रमाणावर केलेल्या चाचणीत हा फायदा मुख्यतः पाण्यात नायट्रेट जास्त असताना दिसला. सगळ्याच प्रयोगांत मात्र असा फायदा दिसलेला नाही.

एक फायदा विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. डीनायट्रिफिकेशन अर्धवट राहिलं तर नायट्रोजनऐवजी नायट्रस ऑक्साइड हा वायू बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ करतो. पाणी साफ करताना हवा बिघडवली, असं होऊ शकतं. बायोचार असताना हा शेवटचा टप्पा जास्त पूर्ण होतो, असं मातीवरच्या अनेक प्रयोगांत दिसलं आहे.

इलिनॉयमध्ये कामाची वाटणीच करून पाहिली गेली. आधी चिपांचा बायोरिॲक्टर, तो नायट्रेट सांभाळतो. पुढे बायोचारचा चर, तो फॉस्फरस पकडतो. हा बायोचार साधा नाही. लाकडाचा भुसा आणि पाणी शुद्धीकरण केंद्रातला चुनखडीचा गाळ एकत्र तापवून तो बनवतात. फॉस्फरसने भरलेला असा बायोचार नंतर शेतात खत म्हणून घालता येतो, हा त्यामागचा विचार. ज्याला जे जमतं ते काम त्याला द्यायचं, असा हा सरळ व्यवहार आहे.

ताजा कोळसा आणि खतात मुरलेला कोळसा

या विषयातला सर्वात रंजक शोध कंपोस्टच्या ढिगात लागला. जर्मनीतल्या क्लाउडिया कामान आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की कंपोस्ट तयार होतानाच त्यात बायोचार मिसळला, तर तो नायट्रेट धरून ठेवतो आणि हळूहळू सोडतो. किनवाच्या रोपांवरच्या त्यांच्या प्रयोगात वजनाच्या २ टक्के ताजा बायोचार घातल्यावर वाढ उलट घटून न घातलेल्या रोपांच्या ६० टक्क्यांवर आली. तितकाच, पण कंपोस्टमध्ये मुरलेला बायोचार घातल्यावर ती ३०५ टक्क्यांवर गेली.

असं का, याचं एक उत्तर २०१७ मधल्या संशोधनाने दिलं. कंपोस्टमध्ये राहिल्यावर कोळशाच्या छिद्रांना आतून सेंद्रिय पदार्थांचा पातळ लेप बसतो. या लेपामुळे छिद्रांत पाणी आणि त्यात विरघळलेली पोषकद्रव्यं अडकून राहतात.

म्हणजे नायट्रेटच्या बाबतीत बायोचारची खरी जागा पाइपाच्या तोंडाशी लावलेल्या फिल्टरपेक्षा खताच्या ढिगात आणि मातीत जास्त आहे. पाण्यात गेलेलं नायट्रेट काढण्यापेक्षा ते पाण्यात जाऊच न देणं सोपं आणि स्वस्त पडतं. शिवाय ते नायट्रेट शेतकऱ्याने पैसे देऊन आणलेलं खतच असतं.

महाराष्ट्राशी याचा काय संबंध?

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालानुसार देशभरातल्या सुमारे २० टक्के नमुन्यांमध्ये नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त होतं. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५.७४ टक्के होतं. सर्वाधिक त्रास असलेल्या देशातल्या जिल्ह्यांच्या यादीत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ ही नावं आहेत.

पण आयोवाचा उपाय इथे जसाच्या तसा उचलता येत नाही. तिथे नायट्रेट पाइपातून एका ठिकाणी बाहेर येतं, म्हणून त्या तोंडाशी चर खणता येतो. विदर्भ-मराठवाड्यात ते मातीतून आणि खडकाच्या भेगांतून विहिरी-बोअरपर्यंत पोहोचतं. अडवायला एक तोंडच नाही. शिवाय सगळं नायट्रेट खताचं नसतं. गावातले शोषखड्डे, उघडी गटारं, विहिरीजवळचे उकिरडे आणि गोठे यांचाही त्यात वाटा असतो.

आयोवासारखी रचना महाराष्ट्रात एका भागात मात्र दिसते. कृष्णा-पंचगंगेच्या काठी, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत, जास्त पाण्यामुळे उसाच्या जमिनी क्षारपड झाल्या. शिरोळ तालुक्यासह या पट्ट्यात सच्छिद्र पाइप टाकून जमिनी सुधारण्याची कामं झाली आहेत. तिथे निचऱ्याचं पाणी एकत्र येऊन बाहेर पडतं. चर, चिपा आणि बायोचारचा विचार करायला जागा आहे ती तिथे. हवामान उबदार असल्याने जिवाणू वेगाने काम करतील ही जमेची बाजू, तर पावसाळ्यात एकदम येणारा लोंढा ही अडचण.

बाकी शेतकऱ्यासाठी काही गोष्टी आजही हाताशी आहेत. नत्राचा हप्ता विभागून देणं, माती परीक्षण करून मात्रा ठरवणं, ठिबकमधून थोडं थोडं खत सोडणं, मोठ्या पावसाचा अंदाज असताना युरिया न टाकणं. पऱ्हाट्या, तुराट्या बांधावर पेटवून देण्याऐवजी त्यांचा बायोचार केला, तर तो थेट शेतात न फेकता शेणखताच्या किंवा कंपोस्टच्या ढिगात मुरवून वापरावा. बायोचार बहुधा अल्कधर्मी असतो, त्यामुळे ज्या काळ्या किंवा क्षारपड जमिनीचा सामू आधीच ८ च्या वर आहे तिथे आधी थोड्या जागेत वापरून पाहणं शहाणपणाचं.

घरातल्या पाण्याचं काय करायचं?

• पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाण्याची वाफ होते आणि उरलेल्या पाण्यात नायट्रेटचं प्रमाण वाढतं.

• तुरटी, क्लोरीन, यूव्ही फिल्टर आणि साधा कोळशाचा फिल्टर यांनी नायट्रेट निघत नाही. घरी कोळसा टाकून बनवलेल्या मडक्याच्या फिल्टरनेही नाही.

• आरओ आणि आयन एक्स्चेंज पद्धतीने ते कमी होतं, पण मशिनची देखभाल नीट हवी.

• नायट्रेटला रंग, वास, चव नसते. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घेणं हाच कळण्याचा मार्ग.

• घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि अहवालात नायट्रेट ४५ पेक्षा जास्त आलं असेल, तर त्या पाण्यात बाळाचं दूध कालवू नये. बाळ निळसर दिसलं तर लगेच डॉक्टरांकडे न्यावं.

थोडक्यात

बायोचार कामाचा आहे, पण 'कोळसा टाका, नायट्रेट काढा' असा तो उपाय नाही. साधा कोळसा नायट्रेटला धरत नाही. प्रक्रिया केलेला धरतो, पण लवकर भरतो. नायट्रेट संपवतात ते जिवाणू, आणि त्यांना घर देण्याचं काम बायोचार करू शकतो. खतात मुरवून मातीत घातला, तर नायट्रेट मुळांपाशी टिकवायलाही तो मदत करतो. "आमच्या बायोचार फिल्टरने विहिरीचं नायट्रेट जातं" असं कुणी सांगत असेल, तर पैसे देण्याआधी फिल्टरमध्ये जाणारं आणि बाहेर येणारं, दोन्ही पाण्यांचा प्रयोगशाळेतला अहवाल मागावा. आणि तो फक्त पहिल्या दिवसाचा नको, काही महिने फिल्टर वापरल्यानंतरचाही हवा.